कोपराची बाजी

मराठीने कोपराला फारसा मान दिलेला नाही. मऊ लागले म्हणून कोपराने खणणारा माणूस आपल्याला संधिसाधू वाटतो. कोपराला लावलेला गूळ म्हणजे शुद्ध फसवणूक, कारण जीभ तिथवर पोहोचत नाही. आणि कोपरापासून केलेल्या नमस्कारात आदर नसतोच, ‘बाबा रे, सोड आता’ एवढेच त्यात सांगायचे असते. उलट मुठीचा थाट पाहा. मूठ झाकली की सव्वा लाखाची होते, आवळली की वज्रमूठ होते. ताकदीचे चित्र डोळ्यांपुढे आणायचे झाले की आपल्याला मूठच आठवते.

पूर्व आशियातल्या युद्धकलांमध्ये मात्र कोपर हे मानाचे हत्यार आहे. जगभरातल्या लाखो लोकांना ते ठाऊक झाले तेही आखाड्यातून नव्हे, तर व्हिडिओ गेमच्या पडद्यावरून. दोन योद्धे समोरासमोर उभे, ठरावीक वेळ, मधे पंच नाही, अशा लढतींच्या खेळांमध्ये एक चाल वर्षानुवर्षे टिकून आहे. योद्धा दूर उभा असतो. अचानक सारे शरीर पुढे झोकून देतो आणि त्याच्या कोपराचे टोक प्रतिस्पर्ध्याच्या छातीत किंवा पोटात रुतते. ही चाल आली कुठून, खेळात ती नेमके काय काम करते आणि मूळ विद्येतले तिच्यात काय उरले, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. खेळ ही मुलांची करमणूक आहे असे मानून हा विषय सोडून देता येईल. पण शरीरात मुरलेली विद्या दुसऱ्या माध्यमात गेली की तिचे काय होते, हा प्रश्न आपल्या लावणीलाही पडलेला आहे आणि लेझीमलाही. त्याचे एक अत्यंत स्वच्छ उदाहरण या कोपरात सापडते.

सावली कापणारी मूठ

१९९१ साली ओसाकाच्या एसएनके कंपनीने ‘गारो देन्सेत्सु’ हा खेळ बाजारात आणला. जपानबाहेर तो ‘फेटल फ्युरी’ या नावाने ओळखला जातो. त्यामागे ताकाशी निशियामा होते. ‘स्ट्रीट फायटर’चा १९८७ सालचा पहिला खेळ त्यांनीच कॅपकॉम कंपनीत असताना घडवला होता. ‘गारो देन्सेत्सु’ची कथा सरळ सूडाची आहे. साउथ टाउन नावाच्या शहरात गीस हॉवर्ड हा गुंड जेफ बोगार्डचा खून करतो आणि जेफने सांभाळलेली दोन मुले, टेरी आणि अँडी, बदला घेण्यासाठी मोठी होतात.

या दोन भावांच्या हल्ल्यांतला फरक मोठा बोलका आहे. टेरीची गाजलेली झेप ‘बर्न नकल’ ही मुठीची आहे. अँडी जपानला जाऊन शिरानुई घराण्याची निन्जाविद्या शिकतो आणि त्याची झेप कोपराची होते. तिचे नाव ‘झान-एइ-केन’. त्यातल्या तीन चित्राक्षरांचा क्रमाने अर्थ कापणे, सावली आणि मूठ असा होतो. म्हणजे मारतो कोपर, पण नावात मूठच. चिनी आणि जपानी परंपरेत ‘मूठ’ हा शब्द एकूण निःशस्त्र युद्धकलेसाठीच वापरतात, म्हणून ही विसंगती तिथे कुणाला खटकत नाही.

ही चाल बटणांवर ज्या रीतीने बसवली आहे त्यातही विचार दिसतो. त्या काळच्या बहुतेक खास चालींसाठी दांडी खालून पुढे पाव वर्तुळात फिरवावी लागे. झान-एइ-केनसाठी दांडी मागे-खाली तिरकी न्यायची, तिथून सरळ पुढे झटकायची आणि बटण दाबायचे. बचावासाठी खाली वाकलेल्या योद्ध्याची दांडी मुळातच त्या तिरक्या कोपऱ्यात असते. याचा अर्थ बचावातून हल्ल्यात यायला हाताची एकच हालचाल पुरते. दबा धरून बसायचे आणि एका क्षणी सुटायचे, असा या पात्राचा स्वभाव खेळणाऱ्याच्या मनगटात उतरतो.

पण अँडीचा कोपर हा बराचसा कल्पनेचा आहे. शिरानुई घराणे काल्पनिक आणि त्याची विद्याही तशीच. ज्या कोपराला खरे गाव आहे, खरी गुरुपरंपरा आहे, तो दोन वर्षांनी आला.

दंताळ्यापासून भाल्यापर्यंत

१९९३ साली सेगा कंपनीच्या यू सुझुकी यांनी ‘व्हर्च्युआ फायटर’ तयार केला. तोवरचे बहुतेक योद्धे सपाट चित्रांचे असत. इथे पहिल्यांदाच ते बहुकोनी आकारांचे, सर्व बाजूंनी पाहता येणारे होते. त्यातला अकिरा युकी हा जपानी तरुण ‘हाक्क्योकुकेन’ लढतो. ही चिनी ‘बाजीच्वान’ विद्येची जपानी उच्चारातली ओळख. चिनी शब्दाचा अर्थ ‘आठ टोकांची मूठ’ असा होतो, म्हणजे आठही दिशांच्या टोकापर्यंत पोहोचणारी. आपल्या ‘बाजी’शी त्याचे नाते केवळ उच्चाराचे आहे, पण पुढे दिसेल की तो योगायोग फारसा वाईट नाही.

बाजीचे मूळ उत्तर चीनमधल्या हबेइ प्रांतात, त्साङजोउ भागातल्या मंगत्सुन गावात मानले जाते. हे गाव ह्वेइ मुस्लिमांचे. अठराव्या शतकातल्या वू जोंग यांच्यापासून तिथली परंपरा सांगितली जाते. विद्येचे जुने नाव शेतकऱ्याच्या घरातले होते, ‘दंताळ्याची मूठ’. बोटे पूर्ण न मिटता, किंचित उघडी ठेवून, दंताळ्यासारखी वरून खाली ओढत मारायची पद्धत होती म्हणून ते नाव पडले. पुढे ते गावंढळ वाटू लागले आणि त्याच्याशी मिळत्याजुळत्या उच्चाराचे, विश्वाच्या आठ टोकांचे भारदस्त नाव रूढ झाले. आपल्याकडे आडनावांचे आणि गावांचे संस्कृतीकरण होते, तसेच काहीसे हे झाले.

या परंपरेतले सर्वांत गाजलेले नाव ली शूवेन (१८६४–१९३४) यांचे. भाल्यावरच्या हुकमतीमुळे लोक त्यांना ‘दैवी भाल्याचे ली’ म्हणत. दुसरा फटका मारण्याची वेळ त्यांच्यावर कधी येत नसे अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी भाल्याचा मुद्दा महत्त्वाचा राहतो. बाजीमध्ये लांब भाल्याचा सराव हा वेगळा विषय नाही, हातापायाच्या लढतीचा पाया तोच आहे. भाला चालवणारा हाताच्या जोरावर भोसकत नाही. मागचा पाय जमिनीला रेटा देतो, कंबर तो पुढे पाठवते आणि टोक आपोआप आत शिरते. बाजीतला कोपर तसाच चालतो. पाय हा भाल्याचा बुंधा, धड हा दांडा आणि कोपर हे पाते, असे चित्र डोळ्यांपुढे आणले की ही विद्या हात एवढा आखूड का ठेवते ते कळते.

ली शूवेन यांच्या शिष्यांचा प्रवास थेट सत्तेच्या दारापर्यंत झाला. ह्वो त्येनग यांनी चीनचा शेवटचा सम्राट पूयी याच्या अंगरक्षकांना शिकवले. शेवटचे शिष्य ल्यू युनच्याओ तैवानला गेले आणि तिथे राष्ट्राध्यक्षांच्या अंगरक्षकांचे शिक्षक झाले. अंगरक्षकाला मैदान मिळत नाही. दालन, दरवाजा, गर्दी, अशा अडचणीच्या जागी त्याला एका झटक्यात माणूस दूर सारायचा असतो. कोपराच्या विद्येला हे काम अगदी बेतल्यासारखे होते.

जपानी तरुणांपर्यंत बाजी पोहोचवण्याचे मोठे श्रेय एका चित्रकथेला जाते. युद्धकलांचे अभ्यासक र्यूची मात्सुदा यांनी लिहिलेली आणि योशिहिदे फुजिवारा यांनी रेखाटलेली ‘केंजी’ ही मालिका १९८८ ते १९९२ या काळात ‘शोनेन संडे’ साप्ताहिकातून आली. तिचा नायक आजोबांकडून बाजीचे पहिले धडे घेतो आणि पुढे त्या विद्येच्या शोधात चीनपर्यंत जातो. ती संपल्यावर पुढच्या वर्षी अकिरा अवतरला. त्याचीही विद्या आजोबांकडून आलेली आहे. सुझुकी स्वतः चीनला जाऊन बाजीच्या जाणकारांना भेटले होते. म्हणजे गावातली विद्या अंगरक्षकांकडे, तिथून तैवानमार्गे जपानी चित्रकथेत आणि शेवटी खेळघरातल्या यंत्रात, अशी ही वाट आहे.

आतला दरवाजा

अकिराच्या धावत्या कोपराला जपानीत ‘रिमोन चोच्यू’ म्हणतात. हे बाजीतलेच खरे नाव आहे, चिनी उच्चार ‘लीमन दिंगजोउ’. अर्थ होतो, आतल्या दरवाजाने शिरून रेटलेला कोपर. चिनी युद्धकलांत समोरच्याच्या शरीराकडे वाड्यासारखे पाहतात. त्याच्या दोन हातांच्या मधली वाट हा आतला दरवाजा, हाताच्या बाहेरून जाणारी वाट हा बाहेरचा. बाहेरच्या दरवाजाने जाणे सुरक्षित, कारण तिथे समोरच्याचा दुसरा हात पोहोचत नाही. आतल्या दरवाजाने जाणारा दोन्ही हातांच्या टप्प्यात येतो. त्याच्याकडे एकच उपाय उरतो, समोरच्याच्या आधी पोहोचणे. बाजीमध्ये ‘सहा मोठी उघडणी’ म्हणून जो पाठ आहे त्यातले पहिले तत्त्व हेच रेटणे आहे. दार उघडण्याची वाट पाहायची नाही, ते ढकलून आत जायचे.

एवढी जोखीम घेऊन कोपरच का? मुठीमागे मनगट असते आणि मनगट हा कच्चा दुवा आहे. मूठ वेडीवाकडी बसली तर मनगट मुडपते. हाताच्या पंजातली बारीक हाडे मोडणे ही मुष्टियोद्ध्यांची नेहमीची दुखापत आहे. कोपराचे टोक म्हणजे कोपरापासून करंगळीच्या बाजूने मनगटाकडे जाणाऱ्या जाड हाडाचा शेवट. टोक आणि खांदा यांच्यामध्ये दुसरा सांधा नाही, म्हणून शरीराचा रेटा वाटेत गळत नाही. शिवाय टोकाचे क्षेत्रफळ लहान असल्याने तोच जोर थोड्या जागेवर एकवटतो. तोटा एकच, पण मोठा: पल्ला जवळजवळ अर्धा होतो. तेवढे अंतर पायांनी भरून काढावे लागते. म्हणून बाजीच्या कोपराला झेप जोडलेली असते आणि झेपेच्या शेवटी पाय जमिनीवर दाणकन आपटतो. ‘झेन-ज्याओ’ नावाचा हा पदाघात शरीराची पुढे जाणारी गती थांबवून ती कोपरात ओततो. अकिराच्या चालींत पाय आपटण्याचा हा आवाजही आहे.

कोपराची ही ताकद क्रीडानियमांनीही मान्य केली आहे. बॉक्सिंगमध्ये कोपर मारणे निषिद्ध आहे. थायलंडच्या ‘म्वाय थाय’मध्ये तो गौरवाचा प्रहार आहे. मिश्र युद्धकलांच्या अमेरिकी नियमांत कोपर चालतो, पण सरळ वरून खाली मारलेल्या कोपरावर अनेक वर्षे बंदी होती. २००९ मध्ये जॉन जोन्स हा मल्ल जिंकत आलेली लढत याच नियमामुळे हरला. ती बंदी २०२४ मध्ये उठली.

एका सेकंदाचे साठ तुकडे

आता पडद्यावर येऊ. लढतीच्या खेळात काळ अखंड वाहत नाही. तो तुकड्यांत मोजला जातो. १९९४ च्या ‘व्हर्च्युआ फायटर २’पासून या मालिकेत एका सेकंदाचे साठ तुकडे आहेत, खेळाडू त्यांना फ्रेम म्हणतात. प्रत्येक प्रहाराचे तीन भाग असतात. सुरुवातीचा भाग, ज्यात हात निघतो पण लागत नाही. मधला, ज्यात तो लागू शकतो. आणि शेवटचा, ज्यात तो परत येतो व योद्धा काहीच करू शकत नाही. शेवटच्या भागात योद्धा उघडा असतो.

डोळ्याने पाहून हाताने प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण पाव ते पंचमांश सेकंद लागतो, म्हणजे बारा ते पंधरा फ्रेम. ‘व्हर्च्युआ फायटर’मधले जलद कोपर पंधराच्या आसपास फ्रेममध्ये लागतात. निष्कर्ष उघड आहे. असा कोपर निघाल्यावर बचाव करणे बहुतेक वेळा जमत नाही, तो निघण्याआधी ओळखावा लागतो. ‘आधी पोहोचणे’ हा आतल्या दरवाजाचा नियम इथे आकड्यांत मांडला गेला आहे.

जोखीमही तशीच उतरली आहे. झेप अडवली गेली की झेप घेणारा समोरच्याच्या अगदी जवळ, परतीच्या फ्रेममध्ये अडकलेला सापडतो. अँडीचा झान-एइ-केन अगदी जवळून मारला आणि अडवला गेला, तर त्याची शिक्षा मिळते. म्हणून जाणते खेळाडू अंतर असे राखतात की झेपेच्या अगदी शेवटी टोक लागेल. मग अडवला गेला तरी सावरायला थोडा वेळ हाती राहतो. आपली ‘बाजी’ म्हणजे पणाला लावलेली गोष्ट. झेपेचा कोपर ही त्या अर्थानेही बाजी आहे.

उभे राहावे की बसावे

‘व्हर्च्युआ फायटर’ला तीनच बटणे आहेत: मूठ, लाथ, बचाव. त्यातून उभा राहणारा पेच मात्र खोल आहे. डोक्याच्या उंचीचा ठोसा सर्वांत जलद असतो, पण खाली वाकलेल्याच्या डोक्यावरून जातो. पकडून फेकण्याची चालही वाकलेल्याला लागत नाही. मग सतत वाकूनच का राहू नये? कारण कोपर. तो मधल्या उंचीवर येतो आणि वाकलेल्याला गाठतो. उभे राहून बचाव केला तर कोपर अडतो, पण उभ्या बचावाला फेक मोडते. म्हणजे समोरच्याने वरचढ स्थान मिळवले की बचाव करणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात आणि दोन्हींत भीती असते. जपानी खेळाडू याला ‘नि-ताकू’, म्हणजे दोहोंतली निवड, म्हणतात.

समजा, फेकीने ६० गुणांचे नुकसान होते आणि कोपराने ३० गुणांचे. आकडे सोयीसाठी घेतले आहेत. हल्लेखोराने काय करावे? सहज उत्तर, जास्तीत जास्त फेक. पण प्रतिस्पर्धीही हेच जाणतो आणि फेकीच्या भीतीने वाकत राहतो. गणित मांडले तर दिसते की हल्लेखोराने तीनांतून दोन वेळा कोपर आणि एकदा फेक करावी. मग समोरचा उभा राहिला काय, वाकला काय, सरासरी २० गुण तो गमावतोच. दुबळा प्रहार जास्त वेळा वापरायचा, कारण प्रबळ प्रहाराच्या भीतीने समोरचा त्याच्याच वाटेत येऊन उभा राहतो. बुद्धिबळात धमकी ही चालीपेक्षा भारी असते म्हणतात, त्याचेच हे दुसरे रूप.

दहा वर्षे

तर पडद्यावर गेलेल्या विद्येत काय उरले? शरीर उरले नाही, हे आधी कबूल करायला हवे. बाजीचा विद्यार्थी घोड्यावर बसल्यासारख्या पवित्र्यात मांड्या थरथरेपर्यंत उभा राहतो. खेळणाऱ्याचे फक्त अंगठे आणि मनगट दुखते. मंगत्सुनच्या ह्वेइ कुटुंबांचा इतिहास बटणात मावत नाही. अकिराला ओळखणाऱ्या अनेकांना त्या गावाचे नावही ठाऊक नसेल. ज्या समाजाने विद्या जपली तो पुसट झाला आणि प्रहार तेवढा प्रसिद्ध झाला, हे नुकसान छोटे नाही. माध्यम बदलताना बहुतेक लोककलांचे असे होते. आविष्कार पुढे जातो आणि त्यामागची माणसे मागे राहतात.

पण अंतर, वेळ आणि जोखीम यांचे नाते मात्र आश्चर्यकारक प्रामाणिकपणे उरले आहे. आत शिरायचे तर आधी पोहोचले पाहिजे, पोहोचलो नाही तर उघडे पडू, आणि समोरच्याने आपली भीती बाळगली तरच आपला छोटा प्रहार मोठा होतो, या तिन्ही गोष्टी मूळ विद्येतल्या आहेत. हालचालीचे चित्र उचलणे सोपे होते. सुझुकींच्या खेळाने हालचालीमागचा निर्णयही उचलला, म्हणून त्याची नक्कल करणाऱ्या डझनावारी चालींपेक्षा हा कोपर वेगळा ठरतो. पुढे ‘टेकेन ६’मधला लिओ किंवा ‘डेड ऑर अलाइव्ह ४’मधली कोकोरो अशी बाजी लढणारी पात्रे आली, तीही याच वाटेने.

आणि उरला तो सराव. अकिराच्या गुडघ्याच्या एका चालीसाठी लाथ आणि बचाव ही बटणे एकत्र दाबून बचावाचे बटण सेकंदाच्या साठाव्या हिश्शात सोडावे लागते. हे सांगून जमत नाही, हाताला वळण लागावे लागते. ‘कुंग-फू’ या चिनी शब्दाचा मूळ अर्थ लढाई असा नाही. वेळ आणि कष्ट घालून मिळवलेले कसब, मग ते स्वयंपाकाचे असो की सुलेखनाचे, एवढाच त्याचा अर्थ आहे. जिंकल्यावर अकिरा हरलेल्याला सुनावतो की तुला अजून दहा वर्षे अवकाश आहे. यंत्रावर आठवड्याभरात चाली पाठ होतात. कोपर कधी मारायचा नाही, हे कळायला मात्र तेवढी वर्षे आजही लागतात.